झिरो महोत्सवात पहिल्यांदाच तंबूत राहताना: रात्र कोरडी कशी काढाल?

अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून भरणारा संगीत महोत्सव साधारण सप्टेंबरच्या अखेरीस असतो. उंची सुमारे १,५०० मीटर, भोवती आपातानी लोकांची भातखाचरं, आणि पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. नवख्यांचे हाल थंडीपेक्षा ओलीमुळे जास्त होतात, त्यामुळे झोपायची जागा कोरडी राहील हे आधी बघा.

राज्याबाहेरच्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन काढून छापील प्रत जवळ ठेवा. नाहरलगून स्टेशनपासून झिरो सुमारे १०० किलोमीटर, पण सगळा घाटरस्ता. शेअर सुमोला चार-पाच तास धरा. उजेडात पोहोचा. पहिलावहिला तंबू अंधारात, तोही पावसात लावायची वेळ येऊ नये.

तंबू दोन थरांचा घ्या, बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येणारा. 'दोन माणसांसाठी' लिहिलेल्या तंबूत सॅकसकट एकच जण नीट मावतो. दोघं असाल तर तीन जणांचा बघा. घराजवळच्या मैदानात एकदा पूर्ण उभा करा, खुंट्या मोजा, वरून बादलीभर पाणी ओतून शिवणी तपासा.

तिथे गेल्यावर जरा उंचवट्याची जागा निवडा. तंबूखाली ताडपत्री अंथराल तेव्हा तिच्या कडा चारी बाजूंनी दोन-तीन इंच आत दुमडा. कड बाहेर राहिली की तंबूवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडतं, तिथून तळाखाली शिरतं आणि पहाटे पाठीखाली डबकं साचतं. दोष मात्र तंबूला दिला जातो. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकवा, साधारण ४५ अंशांत. सरळ ठोकलेली खुंटी चिखलातून सहज उपटते. ताणदोऱ्या ओढून बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका. हवेची झडप थंडी असली तरी उघडी ठेवा, नाहीतर श्वासातली वाफ आतून गळू लागते.

स्लीपिंग बॅगवर आरामदायी तापमान १० अंश किंवा त्याहून कमी लिहिलेलं असावं. खाली फोमची मॅट हवीच, कारण अंगाखाली दबलेली बॅग जमिनीचा गारवा अडवत नाही. एक कपड्यांचा जोड आणि लोकरी मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. कितीही मोह झाला तरी ते घालून बाहेर पडू नका.

पायात गमबूट. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते. गॅसचं डबडं विमानात चालतच नाही. दिवसाच्या दान्यी मंचावरून रात्रीच्या पीलो मंचाकडे थेट जाणार असाल, तर हेडटॉर्च आणि रेनकोट सकाळीच बरोबर घ्या आणि तंबूच्या सगळ्या चेन लावून निघा. कानात घालायचे बोळे उशाशी ठेवा, शेजारचे तंबू पहाटेपर्यंत जागे असतात. आत मेणबत्ती किंवा डासांची अगरबत्ती लावू नका; ते कापड क्षणात पेटतं.

शेवटच्या सकाळी खुंट्या मोजून घ्या, कचरा बरोबर न्या. घरी पोहोचलात की त्याच दिवशी तंबू उघडून सावलीत वाळवा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि पाणी अडवणारा लेप सुटू लागतो.