‘सपाटच तर आहे!’ : हायदेवर पोरांना नेताना या चुका टाळा

ऑगस्ट लागला की नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवनच्या मराठी मंडळींत जांभळ्या फुलांचे फोटो फिरायला लागतात आणि पाठोपाठ मला मेसेज येतात. ‘ताई, रविवारी हायदेवर जाऊ या का? पोरांना घेऊन. सपाटच आहे ना?’ या ‘सपाटच’ची मला आता धडकी भरते. बारा वर्षं मी लोकांना स्ट्राब्रेख्तसे हायदेवर घेऊन जातेय. चढाने दमलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही, कारण चढच नाही. सपाटीने रडवलेले मात्र डझनाने आहेत.

हायदे म्हणजे हेदरच्या, त्या जांभळ्या फुलांच्या झुडपांचं माळरान. हे आमचं शहराच्या आग्नेयेला, हेझे, मियर्लो आणि सोमेरेन या गावांच्या मध्ये पसरलंय, सुमारे १५०० हेक्टर. राखण्याचं काम सरकारी वनखात्याकडे, म्हणजे स्टाट्सबॉसबेहेरकडे. हा माळ माणसांनी आणि मेंढ्यांनी घडवलाय. शेकडो वर्षं इथल्या शेतकऱ्यांनी रान तोडलं, मेंढ्या चारल्या, हेदरसकट मातीचा वरचा थर खरवडून गोठ्यात अंथरला आणि ते खत शेतात नेलं. खाली उरली ती वाळू. ही वाळू ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘आम्ही दर रविवारी सिंहगड करायचो’

हे वाक्य टाकणारा बाबा हमखास सगळ्यात आधी बसतो. गडाचं एक बरं असतं. चढताना दम लागतो, पोरं कुरकुरतात, आपण थांबतो आणि उतरताना जीव हलका होतो. गड स्वतःच सांगतो की बाबा रे, आता पुरे. हायदे काही सांगत नाही. पोरं पहिला दीड तास वासरासारखी उधळतात, तुम्हाला वाटतं काय मस्त चाललंय, आणि मग गाडीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला पोहोचल्यावर धाकटं मटकन खाली बसतं. तिथून जवळचा रस्ता नसतो. सावलीही नसते. चारी बाजूंना एकसारखं दिसतं, दूरवर पाइनची रांग, आणि ती तासभर चाललं तरी तेवढीच दूर.

माझा हिशेब साधा आहे. सगळ्यात लहान चालणाऱ्या पोराचं वय जितकं, तितके किलोमीटर. पाच वर्षांचं असेल तर पाच. ‘आमचा खूप ॲक्टिव्ह आहे हो’ असं म्हणणाऱ्यांसाठी चार. पोरं हसत असतानाच परत फिरायचं, रडायला लागल्यावर उशीर झालेला असतो.

शॉर्टकट

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा जीव यातच अडकलाय.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन कुटुंबं, पाच पोरं, एक बाबागाडी आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मित्राच्या सासूबाई, गुडघ्याला पट्टा लावलेल्या. रंगीत खुणांच्या खांबांची सहा किलोमीटरची फेरी ठरली होती. चार झाल्यावर त्या मित्राने फोन काढला. ‘वहिनी, हे बघा, इथून आडवी पायवाट आहे. दीड किलोमीटर वाचतंय.’ नकाशात तुटक रेघ होती खरी. मी म्हटलं, खांब सोडायचे नाहीत. तो म्हणाला, ‘अहो, सपाटच तर आहे.’ आणि मी, कोण जाणे का, गप्प बसले. सासूबाईंकडे बघून बसले असेन.

पहिली तीनशे पावलं ती वाळू. बाबागाडीची पुढची दोन छोटी चाकं वाळूत गेली की नांगरासारखी रुततात. ढकलून होत नाही, म्हणून ती उलटी करून ओढायची. ओढणाऱ्याचा खांदा, आत झोपलेल्या बाळाचं डोकं आणि आईचा पारा असं सगळं एकदम हलत होतं. पुढे वाळू संपली आणि हिरवंगार गवत सुरू झालं, तेव्हा सगळ्यांनी ‘सुटलो’ म्हणून श्वास सोडला.

ते हिरवं गवत म्हणजेच खरी भानगड. डच लोक त्याला पाइपेनस्ट्रोत्ये म्हणतात. ते गुडघ्याएवढ्या झुबक्यांत वाढतं आणि दोन झुबक्यांच्या मध्ये बऱ्याचदा पाणी असतं, वरून न दिसणारं. या माळावर जागोजागी उथळ तळी आहेत. त्यांतलं बेउफेन तर साधारण ८५ हेक्टरचं, नेदरलँड्समधलं या जातीचं सगळ्यात मोठं. तळ्यांच्या भोवतीची जमीन भर उन्हाळ्यातही स्पंजासारखी असू शकते. माझ्या लेकीचा पाय पोटरीपर्यंत गेला. पाय वर आला, बूट आला नाही. मी कोपरापर्यंत हात घालून तो काढला. त्यातून काळं पाणी गळत होतं आणि सडक्या पानांचा वास येत होता. लेक घरी येईपर्यंत एका पायात बूट आणि दुसऱ्यात चिवड्याची पिशवी घालून चालली.

शेवटी आलो त्याच वाटेने मागे. वाचणार होता दीड किलोमीटर, लागला दीड तास. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. जावयाला ते जास्त लागलं असावं.

तेव्हापासून: फोनमधली तुटक रेघ म्हणजे वाट नव्हे. ती गुरांची असेल, दहा वर्षांपूर्वीची असेल, किंवा वनखात्याने मुद्दाम मोडलेली असेल. वाट सोडून जायला बंदी आहे आणि तिला कारण आहे. रातवा आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, तुमच्या शॉर्टकटच्या बरोबर मध्ये. खांब दिसेनासे झाले तर शेवटच्या खांबापर्यंत मागे या. अंदाजाने पुढे जाऊ नका. आणि बाबागाडी घरी ठेवा. बाळाला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घ्या. दोन-तीन वर्षांच्या पोरासाठी जाड चाकांची ओढायची गाडी मिळते, ती वाळूतून बरी जाते, पण उतारू आणि हमाल दोघांचीही तयारी हवी.

गोचीड

दुसरं माझं आवडतं दुखणं. लोक सापाची चौकशी करतात, गोचिडीची कुणी करत नाही. या देशात वर्षाला साधारण १५ लाख वेळा गोचीड माणसाला चावते आणि सुमारे २७ हजार जणांना लाइम हा गोचिडीतून येणारा जंतूंचा आजार होतो, ही राष्ट्रीय आरोग्य संस्थेची आकडेवारी. पाचातल्या एका गोचिडीत त्याचे जंतू असतात. म्हणून घाबरून घरात बसू नका, एका चाव्याने आजार होण्याची शक्यता शेकडा दोन-तीनच. पण संध्याकाळी पोरांना तपासायचा आळस करू नका.

आपल्याला माहीत असलेली गोचीड म्हणजे म्हशीच्या कानामागची, फुगून वाटाण्याएवढी झालेली. इथली पोरांना चिकटते ती बहुतेक वेळा खसखशीच्या दाण्याएवढी. ती झाडावरून पडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला पाय पसरून वाट बघते आणि तुम्ही घासून गेलात की चढते. त्यामुळे उघड्या वाळूच्या वाटेवर भीती कमी. जेवायला सावली म्हणून कडेच्या उंच गवतात आणि ओकखाली चादर पसरली, की आपण आमंत्रणच दिलं.

एकदा रात्री साडेदहाला एका मित्राचा फोन. ‘ताई, पिंट्याच्या गुडघ्यामागे तीळ आलाय आणि त्याला पाय आहेत.’ मी म्हटलं, चिमटा घे. तो म्हणाला, आईने गावाहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं म्हणून आधी खोबरेल तेल थापलंय, आता सुटेल आपोआप. काकूंचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू, गोठ्यात त्यांनी आयुष्य काढलंय. पण माणसाच्या बाबतीत तेल, स्पिरिट, नेलपॉलिश, जळती काडी यातलं काहीही लावलं की गोचीड चवताळते आणि पोटातला ऐवज जखमेत ओकते. नेमके जंतू तिथेच असतात. शेवटी मी सायकलवर टांग मारून गेले. तेलाने चिमटा सतरा वेळा घसरला. पिंट्या रडला नाही, बाबा रडकुंडीला आला.

माझी पद्धत: घरी आलं की दारातच कपडे उतरवायचे आणि गरम ड्रायरमध्ये तासभर टाकायचे, कारण धुण्याने त्या मरतातच असं नाही. मग पोरं आंघोळीला. गुडघ्यामागे, जांघेत, बेंबीत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघायचं, आणि डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवायचा. सापडली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सावकाश सरळ ओढायची, मग जंतुनाशक. तारीख आणि जागा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायची. पहिल्या एक-दोन दिवसांचा छोटा लाल डाग सहसा नुसती खाज असते. पुढच्या तीन महिन्यांत तिथे पसरत जाणारा डाग किंवा कडं दिसलं, ताप आला, सांधे दुखले, तर फॅमिली डॉक्टरकडे जाऊन ते कॅलेंडरच दाखवायचं. ‘बघू दोन आठवडे’ हा आपला लाडका उपाय इथे नको.

बाकीच्या, पटापट

मे महिन्यात येऊन ‘जांभळं कुठाय?’ विचारणं. बहर साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. २०१८ सारखा कोरडा उन्हाळा गेला तर माळ तपकिरीच राहतो, माझ्यावर चिडू नका.

पाणी कमी नेणं. माळावर नळ नाही, टपरी नाही, आणि वारा असल्यामुळे घाम कळत नाही.

जून-जुलैत ओकच्या खोडावर सुरवंटांची जाळी दिसली तर लांब राहा. हात न लावताही त्यांचे केस वाऱ्याने येऊन अंगाला आग करतात. खाजवू नका, चिकटपट्टी लावून ओढा, मग पाण्याने धुवा, कपडे ६० अंशांवर.

मोकळी गुरं दिसली की ‘गाय आहे, गरीब असते’ म्हणत पोराला फोटोसाठी पुढे ढकलणं. २५ मीटर लांब राहा, वासरू असेल तर आणखी. मेंढ्यांच्या कळपाचंही तेच. मेंढपाळाचा कुत्रा कामावर असतो, त्याला ‘यू यू’ करू नका.

शेगडी, सिगारेट, वाढदिवसाच्या मेणबत्त्या. हो, मेणबत्त्या. २०१० च्या जुलैमध्ये याच माळाचा सुमारे २०० हेक्टर भाग जळाला होता. थंड पोळीचा रोल आणि शेंगदाण्याची चटणी यांनी कुणी उपाशी मेलेलं नाही.

फांद्या तोडून केसात माळणं. गजऱ्याची हौस मला समजते. तरीही नाही.

बहराच्या रविवारी अकरा वाजता पोहोचून ‘पार्किंग नाही’ म्हणणं. आम्ही आठला गाडी लावतो. तेव्हा बेउफेनवर धुकं असतं, कोळ्यांची जाळी दवाने पांढरी दिसतात आणि पोरं आपोआप हळू बोलतात. साडेदहाला आम्ही परत निघतो, तेव्हा समोरून पहिली बाबागाडी येत असते.