सायकलचे मागचे गिअर अडकत होते, दोष निघाला वीतभर पाइपमध्ये

पावसाळ्यात सिंहगडाचा घाट मारला की मागचे गिअर कुरकुरायला लागतात, पण या वेळी वेगळंच, मोठ्या चकतीवर चेन पटकन चढायची आणि लहान चकतीवर उतरायला मात्र नखरे, मग भर चढावर अचानक कडकन उडी. दुकानात म्हणाले डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, बदला. अहो पण चेन चढवताना आपण बोटाने केबल ओढतो आणि उतरवताना नुसती स्प्रिंग ओढते, म्हणजे अडकतंय ते केबलमध्येच ना!

मागच्या चाकाजवळ वळसा घेतलेला केबलचा बाहेरचा पाइप काढला तर आत नुसता लाल चिखल आणि गंज. आतली तार आणि पाइप दोन्ही नवीन टाकले. पाइप कापला की त्याचं तोंड चेपतं, ते दाभणाने परत उघडायचं आणि टोक कानशीने सपाट करायचं, खरी मेख इथेच आहे आणि हे कुणी सांगत नाही. मग बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, पाव पाव फेरा, मोठ्या चकतीकडे जायला आळस करत असेल तर घड्याळाच्या उलट, लहानकडे जायला करत असेल तर सुलट. आता सगळे गिअर टकाटक पडतायत. नवीन तार सुरुवातीला थोडी सैल पडतेच, तेव्हा आठवड्याभराने परत एकदा बघून घ्या.