‘अरे देवा!’ चालेल का? समूहासाठी नियम कसा लिहावा

‘अरे देवा, परत अपडेट?’, ‘इन्शाल्ला उद्या टाकतो’, ‘देवाशप्पथ, मी काही डिलीट केलं नाही’. ऑनलाइन समूहात असली वाक्यं दिवसभर येत-जात असतात आणि कुणाचं लक्षही जात नाही. मग एक दिवस तक्रार येते: देवाचं नाव असं उठसूट घेऊ नका. किंवा नेमकी उलटी: हा काही धार्मिक समूह नाही, हे बंद करा. ॲडमिन घाईघाईने नियम लिहितो. तो बहुधा ‘धार्मिक शब्द चालणार नाहीत’ असा असतो, नाहीतर ‘काहीही चालेल’ असा. पहिला कुणाला पाळता येत नाही आणि दुसरा पहिल्याच भांडणात मोडतो.

सहज तोंडी येणाऱ्या उद्गारांवर बंदी नसावी, हे आधीच सांगून टाकू. नाव कुठल्या देवाचं आहे ते सोडा, वाक्याचा रोख कुणावर आहे ते बघा. पुढची सगळी कृती एवढ्यावरच उभी आहे.

आधी आपल्याच समूहाचे मेसेज वाचा

नियम लिहायला बसण्यापूर्वी गेल्या महिन्यातले, देवाधर्माचा शब्द आलेले शंभरेक मेसेज काढा आणि त्यांचे ढीग करा: उद्गार (‘अरे रामा’, ‘या अल्ला’, ‘ओह माय गॉड’), अभिवादन (‘रामराम’, ‘सलाम आलेकुम’, ‘जय जिनेंद्र’), शपथ किंवा आशा (‘देवाशप्पथ’, ‘इन्शाल्ला’), आणि कुणाला तरी मारलेला टोला. चौथा ढीग बहुतेक वेळा सगळ्यात लहान निघतो, आणि नियमाची खरी गरज त्यालाच असते.

ढीग करताना एक गोष्ट लक्षात येते. ‘धार्मिक शब्द’ अशी रेघ भाषेत ओढताच येत नाही. एकटा ‘राम’ घ्या. ‘रामराम’ म्हणजे नमस्कार. ‘राम राम राम’ असं तीनदा म्हटलं की किळस किंवा हळहळ. ‘त्यात आता राम राहिला नाही’ म्हणजे दम उरला नाही. ‘त्याने राम म्हटला’ म्हणजे तो गेला. ‘अरे कर्मा!’मध्ये देवाचं नावच नाही, पण कर्मसिद्धांत धर्मातलाच. इंग्रजीतलं ‘गुडबाय’सुद्धा मुळात ‘देव तुझ्याबरोबर असो’चं आखडलेलं रूप. बंदी घालणाऱ्याने ‘गुडबाय’ला काय करायचं ते ठरवून दाखवावं.

लोकांना नेमकं काय खुपतं

तक्रार करणारा उगाच रुसलाय असं धरून चालू नका. एकच कृती दोन परंपरांत अगदी उलट्या तराजूत तोलली जाते.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही दहा आज्ञांपैकी एक आहे (निर्गम, अध्याय २०, वचन ७). त्यामुळे श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला ‘जीझस!’ हा वैतागाचा उद्गार खटकतो, तो कुणाला उद्देशून नसला तरी. पुष्कळ ज्यू मंडळी देवाचं चार अक्षरी नाव उच्चारतही नाहीत, त्याऐवजी ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, एवढंच म्हणतात. उलट भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळ मरताना नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारतो आणि तेवढ्यावर तरतो. थट्टेत किंवा सहज घेतलेलं नावही पाप नाहीसं करतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. या मुशीत वाढलेल्याला ‘अरे देवा’मध्ये अपमान दिसणारच नाही. इस्लाममध्ये ‘इन्शाल्ला’, ‘माशाल्ला’ म्हणणं चांगलंच मानतात. कुराणात (सूरा २, आयत २२५) सहज तोंडून गेलेल्या शपथेबद्दल अल्ला जाब विचारणार नाही, मनापासून केलेल्या निश्चयाबद्दल विचारेल, असा फरक केला आहे.

म्हणून ‘मला काही वाटत नाही, तर तुला का वाटावं’ हे उत्तर ॲडमिनने कधीच देऊ नये. खटकणं खरं आहे. पण त्यासाठी दुसऱ्याचं बोलणं थांबवायचं का, हा वेगळा प्रश्न.

बंदीने काय होतं याचा जुना दाखला आहे. इंग्लंडमध्ये १६०६ साली कायदा झाला: रंगमंचावर देवाचं नाव थट्टेने घेतलं तर १० पौंड दंड. शपथा काही गेल्या नाहीत. नाटकांच्या संहितांत ‘देव’च्या जागी ‘स्वर्ग’ आला, काही शपथा नुसत्या गाळल्या गेल्या. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ची १६२२ ची छपाई आणि १६२३ च्या संग्रहातली संहिता शेजारी ठेवली की ही काटछाट दिसते. समूहातही हेच होतं. चार दिवसांत ‘दे*वा’ आणि ‘रा.मा’ सुरू होतं आणि ॲडमिन टिंबं मोजत बसतो.

‘बाप रे’ची कसोटी

शंका आली की वाक्यातला धार्मिक शब्द काढा आणि तिथे ‘बाप रे’ ठेवा.

‘अरे रामा, परत तोच एरर!’ याचं ‘बाप रे, परत तोच एरर!’ होतं. अर्थ तोच, रोख तोच. हा उद्गार आहे, राहू द्या.

‘आले बघा अल्लावाले.’ इथे ‘बाप रे’ बसतच नाही, कारण सगळा डंख धर्माच्या नावातच आहे. काढून टाका.

‘तुमच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार, राम राम!’ इथे ‘बाप रे’ बसतं, पण टोमणा तसाच राहतो. म्हणजे गुन्हा धर्माचा नाही, उद्धटपणाचा आहे, तो सभ्यतेच्या नेहमीच्या नियमाखाली घ्या. ही तिसरी जात ओळखता आली नाही की साध्या भांडणाला धर्माचा रंग चढतो.

अभिवादनाला मात्र ही कसोटी लागत नाही. तिथे आजूबाजूचं बघावं लागतं. ‘जय’ने सुरू होणारं अभिवादन सकाळी सगळ्यांना केलं तर नमस्कार. एखाद्याचं आडनाव बघून त्याच्या प्रत्येक प्रश्नाखाली, उत्तर न देता, तेवढंच टाकलं तर ती डिवचणी आहे. शब्द तेच असतात, म्हणून एकच मेसेज बघून निकाल देऊ नका. त्या माणसाचे आधीचे दहा मेसेज बघा.

नियमाचा मसुदा

लांब नियम कुणी वाचत नाही. साठ-सत्तर शब्द पुरतात. हा मसुदा उचला आणि हवा तसा बदला:

‘बोलण्याच्या ओघात येणारे देवाधर्माचे उद्गार, अभिवादनं आणि शपथा इथे चालतात, कुठल्याही धर्माच्या. कुणाच्या श्रद्धेवरून, किंवा श्रद्धा नसण्यावरून, त्याला टोचणं चालत नाही. देवाच्या नावाला शिवी जोडणं चालत नाही. विषय सोडून नुसत्या घोषणा टाकणं चालत नाही. एखादा उद्गार खटकला तर त्या सभासदाला खासगीत विनंती करा. विनंती मानणं त्याच्या मर्जीवर आहे. त्यावरून सगळ्यांसमोर वाद घालू नका.’

शेवटची तीन वाक्यं गाळायचा मोह होतो. गाळू नका. बहुतेक वाद मूळ उद्गाराने पेटत नाहीत, त्याखाली सुरू झालेल्या शिकवणीने पेटतात.

फिल्टर लावताना

शब्द आपोआप अडवणारं फिल्टर देवनागरीत फार फसतं. ‘राम’ अडवलात की ‘आराम’ आणि ‘विराम’ अडकतात हे कुणालाही सुचेल. पण ‘टेलिग्राम’, ‘प्रोग्राम’ आणि ‘ड्रामा’ही अडकतात, कारण ‘ग्राम’ संगणकात ग, हलन्त, र, काना, म असं साठवलेलं असतं आणि त्याच्या पोटात ‘राम’ अख्खा सापडतो. ‘शिव’मुळे ‘शिवाय’ जातं, ‘देव’मुळे ‘देवाणघेवाण’.

पूर्ण शब्दच जुळवा असं सांगून भागत नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ओळखणारी खूण देवनागरीला अक्षरंच मानत नाही. पायथन या दुसऱ्या भाषेतलं, मजकुरात शब्द शोधणारं नेहमीचं ‘आरई’ (re) मॉड्यूल काना-मात्रेला अक्षर धरत नाही, म्हणून शब्द मधेच तुटतो. मोकळी जागा आणि विरामचिन्हं यांवर स्वतः तुकडे पाडून मग जुळवा. तरीही ‘रामाला’, ‘देवाने’ निसटतात, आणि रोमन लिपीत लिहिणारे निसटतात ते वेगळेच.

म्हणून फिल्टरने मेसेज पुसू नये, ॲडमिनला नुसती खूण करावी. तीही एकाच वाक्यात देवाचं नाव आणि शिवी दोन्ही असतील तेव्हाच.

अंमलबजावणी

पहिल्या वेळी २४ तासांच्या आत खासगी मेसेज: ‘अमुक मेसेज दुसऱ्या वाक्याखाली काढला आहे. उद्गार म्हणून चाललं असतं, इथे रोख अमक्यावर होता.’ दुसऱ्या वेळी मेसेज काढून लेखी ताकीद, तिसऱ्या वेळी ७ दिवस लिहिणं बंद. प्रत्येक वेळी तारीख, मेसेज, लागू केलेलं वाक्य आणि कारवाई एका तक्त्यात नोंदवा.

हा तक्ता खरा उपयोगी पडतो तो तीन महिन्यांनी. नोंदींतले दहा निकाल घ्या, प्रत्येकातलं देवाचं नाव बदलून दुसऱ्या धर्मातलं घाला आणि निकाल तोच आला असता का ते बघा. इथे प्रामाणिक राहणं जड जातं. बहुसंख्यांचा उद्गार कानाला नुसती भाषा वाटतो, अल्पसंख्यांचा तोच उद्गार धर्म वाटतो. ‘अरे देवा’वर कधीच तक्रार नाही आणि ‘या अल्ला’वर चार, असं दिसलं तर नियमाला हात लावू नका, निकाल बदला. निदान एक ॲडमिन दुसऱ्या श्रद्धेचा किंवा निरीश्वरवादी असेल तर हे काम त्याच्याकडे द्या.

मुलांच्या समूहात नियम कडक ठेवला तरी हरकत नाही, कारण काय चालावं याचा शब्द तिथे पालकांचा असतो. एकाच पंथाच्या भक्तांच्या समूहात त्यांची रीत चालेल, फक्त ती आत येतानाच लिहून दाखवा. शोक करणाऱ्यांच्या किंवा आजाऱ्यांच्या समूहात उद्गार मोकळे ठेवा, पण ‘देवाची इच्छा’ हे सांत्वन न मागता देऊ नये, एवढी ओळ वाढवा. जिचं मूल गेलं आहे तिला हे वाक्य कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागू शकतं, आणि ते म्हणणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.