अनेक यंत्रांचे भाग जोडून घडवलेला जुना ट्रॅक्टर कसा ओळखावा

अशा ट्रॅक्टरची ओळख पटवताना बॉनेट, रंग आणि नावाची पट्टी यांच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा, कारण हेच भाग सर्वांत सहज बदलता येतात. सुरुवात मागच्या ॲक्सलच्या आणि गिअरबॉक्सच्या ओतीव कवचापासून करावी. तारेच्या ब्रशने ग्रीस व गंज काढल्यावर तेथे उठावाचे अंक दिसतात. मात्र हा ओतकामाचा क्रमांक केवळ त्या भागाचा नमुना सांगतो, तर ठोकून कोरलेला अनुक्रमांक त्या एका यंत्राचा असतो, आणि या दोहोंची गल्लत झाली की पुढचा सारा शोध भरकटतो.

त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा सांधा पाहावा. हाताने कापलेली जाड पोलादी प्लेट, वेल्डिंगचे ओबडधोबड टाके किंवा जुळवून घेतलेली जादा छिद्रे दिसली, तर इंजिन बाहेरून आणलेले असण्याची शक्यता मोठी असते. तरीही घाईने निष्कर्ष काढू नये: १९४५ ते १९५२ या काळातील फोर्डसन मेजर ई२७एन हा ट्रॅक्टर पर्किन्स या दुसऱ्या कंपनीच्या पी६ डिझेल इंजिनासह कारखान्यातूनही मिळत असे.

एकामागे एक असे दोन गिअरबॉक्स आढळल्यास पाया बहुधा जुन्या मोटारीचा किंवा ट्रकचा असतो, कारण वेग उतरवण्याचा तो घरगुती उपाय होता. बोल्टचे आटे पिच गेजने, म्हणजे आट्यांमधील अंतर मोजणाऱ्या दातेरी पट्ट्यांनी, मोजावेत. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मानकाचे आटे ब्रिटिश भागाकडे बोट दाखवतात. प्रत्येक भागाची नोंद स्वतंत्र ठेवावी आणि ट्रॅक्टरला नाव देताना मागच्या कवचाला प्राधान्य द्यावे.