एसीच्या कामात नवे आहात? गॅसच्या आधी पाणी शिका

आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली किंवा थेट हेल्पर म्हणून लागलेली मुलं पहिल्या दिवसापासून गेजकडे (गॅसचा दाब मोजणाऱ्या मीटरकडे) डोळे लावून असतात. गॅस भरता आला की काम आलं, हा समज दुकानातही पक्का बसलेला असतो. पण कुबट वास, सकाळच्या शिंका, घसा धरणं, एसीच्या बाजूच्या भिंतीवर काळे ठिपके अशा तक्रारी बहुतेक वेळा पाण्यातून आणि धुळीतून येतात. त्यांच्यावर गेज काही सांगत नाही. तिथे ब्रश, टॉर्च, थर्मामीटर आणि ड्रेनची, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपची, समज लागते. आधी तेवढं हातात बसवा.

आत काय चालतं ते आकड्यांत पाहू. दीड टनाचा स्प्लिट एसी वरच्या स्पीडला मिनिटाला साधारण ५०० ते ६५० घनफूट हवा ओढतो. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली १,४४० घनफुटांची. म्हणजे खोलीभर हवा दर दोन-तीन मिनिटांनी त्याच कॉइलवरून (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरून) आणि त्याच ब्लोअरमधून (आतल्या पंख्यातून) फिरून येते. कूलिंग कॉइल दवबिंदूपेक्षा (वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा) थंड असल्याने हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट दिवसांत हे पाणी तासाला लिटर-दीड लिटर निघतं. ओल, धूळ आणि अंधार एकत्र आले की बुरशीला आणखी काही लागत नाही. एकदा ती ब्लोअरच्या पात्यांवर धरली की तिचे कण घरच्यांच्या अंगावरच येत राहतात.

एसी चांगला थंड करतोय, म्हणजे हवा चांगली आहे, असं मात्र नाही. बुरसटलेला ब्लोअरही खोली २४ अंशांवर आणतो.

फिल्टरबद्दल ग्राहकाच्या बऱ्याच चुकीच्या कल्पना असतात, त्या तुमच्या नसाव्यात. पुढची प्लास्टिकची जाळी तंतू, केस आणि जाड धूळ अडवते. धूर आणि बारीक कण तिच्यातून सरळ जातात. ती खरं तर कॉइल वाचवते, फुप्फुसं नाही. तरीही ती दर पंधरा दिवसांनी धुवायलाच हवी. शेजारी बांधकाम चालू असेल किंवा खिडकी रस्त्यावर उघडत असेल, तर आठवड्याने. धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने साध्या पाण्याची धार सोडायची आणि सावलीत पूर्ण वाळवायची. ओली जाळी परत लावली की दोन दिवसांत वास येतो, आणि फोन तुम्हालाच येतो.

आता सर्व्हिस. सुरुवात खोलण्यापासून करू नका. एसी कूलवर दहा मिनिटं चालवा, पुढे उभं राहून वास घ्या, आवाज ऐका. वर आत जाणाऱ्या आणि खाली बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजून लिहा. फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. भर पावसाळ्यात तो थोडा कमी दिसेल, कारण बरीच ताकद वाफेचं पाणी करण्यात जाते. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस आहे का, हे विचारा. असेल तर "ताई, तासभर आजींना दुसऱ्या खोलीत बसवाल का, आणि हे दार लावून घ्या" एवढं सांगायला संकोचू नका. ब्रश फिरला की बुरशी उडते. तुमच्याही तोंडावर एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

मग एमसीबी (एसीच्या विजेचा मुख्य खटका) बंद. इन्व्हर्टर एसीमध्ये वीज तोडल्यावरही पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीच्या) कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो. निदान पाच मिनिटं थांबा आणि मीटर लावून खात्री करा. वायरिंगचा फोटो काढा, पीसीबीचा डबा प्लास्टिकने बांधा, सर्व्हिस कव्हर (धुतलेलं पाणी झेलणारी पिशवी) लावून त्याची नळी बादलीत सोडा.

कॉइल आधी कोरड्या मऊ ब्रशने, फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) दिशेने, वरून खाली. आडवा हात फिरला की फिन्स दबतात, हवा अडते, आणि मग त्या सरळ करायचा कंगवा घेऊन बसावं लागतं. त्यानंतर कॉइल क्लीनर. तो अॅल्युमिनियमला चालणारा, तीव्र नसलेलाच घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळा. लादी घासायचं अॅसिड "पाच मिनिटांत चकाचक करतं" म्हणून वापरणारे भेटतील. ते अॅल्युमिनियम खातं, आणि वर्षभरात कॉइल गळायला लागते. ब्लीचही कॉइलवर नको. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीवावर बेततो.

फेस दहा मिनिटं मुरू द्या, मग फुटभर अंतरावरून कमी दाबाची धार, सरळ रेषेत. क्लीनर उरला तर पुढचे कित्येक दिवस घसा खवखवतो, त्यामुळे खाली येणारं पाणी पूर्ण निवळेपर्यंत धार थांबवायची नाही.

ब्लोअर हा सर्व्हिसमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि हवेसाठी सगळ्यात महत्त्वाचा. त्याची पाती वळलेली असतात आणि मळ आतल्या वळणात थापलेला असतो. समोरून टॉर्च मारली तर बाहेरची कड स्वच्छ दिसते आणि फसायला होतं. छोटा आरसा आत धरून बघा. धूत असताना ब्लोअर एका हाताने धरून थोडा थोडा फिरवा. धारेच्या जोरावर मोकळा गरगरू दिला तर बेअरिंग आणि मोटर खराब होते. मळ एका बाजूला राहिला तर तोल जाऊन थरथर सुरू होते. वास जात नाही म्हणून पुन्हा आलेल्या तक्रारीत पहिला संशय ब्लोअरवर घ्या.

मग कॉइलखालचा पाण्याचा ट्रे आणि ड्रेन. ट्रेमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर असतो. तो ड्रेनच्या तोंडाशी साचतो आणि पाणी आत टपकतं. ट्रे धुतल्यावर त्यात लिटरभर पाणी ओता आणि बाहेरच्या टोकाला ते सलग येतंय का, हे कुणाला तरी बघायला सांगा. थांबत थांबत येत असेल तर पाइपच्या बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम लावून ओढा. आतून जोरात हवा मारली तर घाण कधीकधी पुढच्या वळणावर जाऊन घट्ट बसते. पाइपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा, मध्ये पोट आलेलं नको, आणि टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको. ड्रेन थेट बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपात सोडलेला असेल आणि मध्ये पाण्याचा ट्रॅप (पाणी साचून वास अडवणारं वळण) नसेल, तर गटाराचा वास एसीतून खोलीत येतो. अशा घरात कॉइल कितीही धुतली तरी उपयोग नाही.

भिंतीतली ओल वेगळी ओळखायला शिका. तांब्याच्या पाइपवरचं इन्शुलेशन (फोमचं वेष्टन) फाटलं असेल तर तिथे पाइपला घाम सुटतो, प्लास्टर भिजतं, रंगाचे पापुद्रे येतात आणि आतून बुरशी धरते. इन्शुलेशन सलग हवं, सांध्यावर टेप हवी.

सगळं जोडल्यावर अर्धा तास नुसत्या फॅनवर चालवा, मग कूलवर घेऊन तापमानं परत मोजा. आधीचा आणि नंतरचा आकडा ग्राहकाला दाखवा.

गॅसचं आता बोलू. कॉइलवर बर्फ दिसला की "गॅस कमी आहे" असं तोंडातून निघतं. गॅस कमी असला की बर्फ होतो, आणि जाळी-कॉइल तुंबून हवा कमी झाली तरीही होतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी बर्फ वितळवा, सफाई करा, चालवून बघा, मग गेज. यंत्रणा बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणं. समुद्राकाठी खारी हवा कॉइल लवकर खाते, तिथे गळती नेहमीची. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलतो, त्यामुळे नुसत्या प्रेशरवर विसंबू नका. यंत्रणा व्हॅक्यूम करून (आतली हवा पंपाने ओढून काढून), एसीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनानेच गॅस भरा. आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो. गळती असताना खिडक्या उघड्या, ज्योत नाही, ठिणगी नाही.

आउटडोअर मागून-पुढून धुवा, वायरिंगचा भाग झाका, आणि सेफ्टी बेल्टशिवाय छज्जावर उतरू नका. यात तडजोड नाही.

आता ज्या गोष्टी सर्व्हिसने सुटत नाहीत. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. काही विंडो एसींना छोटं व्हेंट असतं, स्प्लिटला बहुधा तेही नसतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भागांच्या) आसपास असतो. दोघं झोपलेल्या बंद खोलीत पहाटेपर्यंत तो २,००० च्या वर सहज जातो. जड डोकं आणि न झालेली झोप यामागे पुष्कळदा हेच असतं, आणि ग्राहक मात्र एसी धुवून मागतो. झोपण्याआधी आणि उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायला सांगा, रात्री एखादी फट ठेवायला सांगा. बंद खोलीत धूप किंवा डासांची कॉइल जाळू नये, हेही स्पष्ट सांगा. बेडरूमला जोडलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर दिसला तर न विचारताही बोला, कारण त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर असेल तर फोडणीचं तेल कॉइलवर चिकटतं आणि त्यावर धूळ घट्ट बसते. तिथे चिमणी चालू आणि स्वयंपाकाच्या वेळी एसी बंद, हा नियम समजावा. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली पाहिजे. दोन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक सोबत ठेवलात तर हे बोलणं पटतं.

सुगंधी फवारे एसीच्या जाळीवर मारायचे नाहीत. वास दबतो, बुरशी तशीच राहते.

सर्व्हिसचा काळ देशावर उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. किनाऱ्यावर, जिथे एसी बारा महिने चालतो, तिथे तीन-चार महिन्यांनी. पुण्या-नाशकाकडे जूनमध्ये एसी बंद होतो तो थेट मार्चमध्ये लागतो. बंद करण्याच्या दिवशी अर्धा-पाऊण तास नुसता फॅन चालवून कॉइल वाळवली नाही, तर ती ओल आतच बुरशी धरते. अनेक नव्या मॉडेलमध्ये रिमोटने बंद केल्यावरही कॉइल वाळवण्यासाठी ब्लोअर काही मिनिटं फिरत राहतो. लोकांना वाटतं एसी बंदच झाला नाही, आणि ते भिंतीवरचा स्विच दाबतात. काम संपवून निघताना तो स्विच दाखवून सांगा: "काका, रिमोटने बंद करा, हवेच्या तोंडावरचं पातं आपोआप मिटेपर्यंत थांबा, मग हा स्विच."