काउंटरवर कलम २१ चालत नाही

एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश घेतला तेव्हा ‘आरोग्याचा हक्क’ हा माझ्यासाठी दहा मार्कांचा प्रश्न होता. भारताच्या आरोग्यव्यवस्थेवरचा १९४६ चा भोर समितीचा अहवाल, ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हणणारा १९७८ चा अल्मा-आटा जाहीरनामा, जगण्याचा हक्क देणारं घटनेचं कलम २१, सगळं तोंडपाठ. फील्डवर्कच्या पहिल्याच आठवड्यात पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या काउंटरवर ते सगळं हवेत गेलं.

सोबत येरवड्याच्या एक मावशी होत्या. नवऱ्याचं खुब्याचं हाड मोडलेलं. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “डिपॉझिट भरा, नाहीतर ससूनला, सरकारी रुग्णालयात न्या.” मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून केशरी रेशन कार्ड काढून पुढे सरकवलं. मी तावातावाने कलम २१ काढलं. तो म्हणाला, “मॅडम, ते कोर्टात.”

तासाभराने आमच्या संस्थेतले एक सिनियर आले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात, आणि निर्धन रुग्णांच्या आज किती खाटा रिकाम्या आहेत? अर्ध्या तासात फॉर्म हातात.

ही जादू नव्हती, सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ कक होतं. त्याखाली उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना सांगते, की धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. खर्चासाठी रुग्णालय बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. माझ्या वेळी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये होती. ती बदलत आली आहे, म्हणून ताजा आकडा धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयातूनच घ्या.

खरी लढाई मात्र कागदांशी असते. आधारवर ‘सुनिता’, रेशन कार्डावर ‘सुनीता’, एवढ्यावर फाइल अडते. रेशन कार्ड नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्याला दिवस जातात. त्यामुळे पेशंट ॲडमिट झाला त्याच दिवशी घरातल्या एकाला सेतू केंद्रात पाठवा. ‘खाट नाही’ असं तोंडी ऐकून परत फिरू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्क्याची पोच मागितली की निम्म्या ठिकाणी खाट सापडते, हा माझा अनुभव आहे.

काउंटरवरच्या मुलावर ओरडू नका. मी ओरडले होते. नंतर कळलं, त्याच्या स्वतःच्या आईचा फॉर्म भरायचा राहिला होता.

 

मावशींचा अजून फोन येतो: “ताई, शेजारणीला ते एक्केचाळीसवालं मिळंल का?” मी आधी विचारते, कार्डावर तिचं नाव कसं लिहिलंय?