इसबासाठी ड्युपिलुमॅब: सिरिंज घरी टोचताना

ड्युपिलुमॅब प्रतिकारशक्ती सरसकट दाबत नाही. आयएल-४ आणि आयएल-१३ हे खाज-सूज पेटवणारे दोन निरोप तेवढे अडवतं. मोठ्यांचा नेहमीचा डोस असा: पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं, पुढे दर १४ दिवसांनी एक. मुलांचा डोस वजनावर ठरतो. पहिलं इंजेक्शन दवाखान्यातच घ्या आणि तंत्र नर्सकडून शिकून घ्या.

सगळ्यात जास्त गडबड होते साठवणीत. औषध २ ते ८ अंशांत, मूळ खोक्यात ठेवायचं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं तर टाकूनच द्यायचं. फ्रिजबाहेर ते १४ दिवस टिकतं, पण २५ अंशांपर्यंतच. नागपूरच्या मे महिन्यात ही सवलत विसरा!

टोचण्याआधी ३०० मिलिग्रॅमची सिरिंज ४५ मिनिटं बाहेर ठेवा, उन्हापासून दूर. घाई म्हणून गरम पाण्यात धरू नका, हलवूही नका. औषध गढूळ दिसलं किंवा त्यात कण असले तर वापरू नका. हवेचा बुडबुडा चालतो, तो काढत बसू नका.

जागा मांडीची किंवा पोटाची. बेंबीभोवती ५ सेंटिमीटर सोडून. दंडावर दुसऱ्यानेच टोचावं. इसब उमटलेली, सोललेली, काळी-निळी पडलेली त्वचा टाळा, आणि दर वेळी जागा बदला. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओलं स्पिरिट आणि गार औषध, जास्त झोंबतं ते याच दोन गोष्टींमुळे. चामडी चिमटीत धरून सुई साधारण ४५ अंशांत घाला, दांडा शेवटपर्यंत सावकाश दाबा. नंतर चोळू नका. सुईला टोपण परत लावू नका. झाकणाच्या जाड डब्यात टाका.

डोस चुकला आणि ७ दिवसांच्या आत आठवला तर लगेच घ्या, पुढचं वेळापत्रक तेच. त्याहून उशीर झाला तर पुढच्या ठरलेल्या तारखेलाच.

डोळे लाल होणं, चुरचुरणं बऱ्यापैकी आढळतं. नेत्रतज्ज्ञांना दाखवा, इंजेक्शन परस्पर बंद करू नका. चेहरा-घसा सुजला, श्वास लागला तर मात्र थेट इस्पितळ. जिवंत विषाणूंच्या लशी या काळात टाळायच्या, म्हणून कुठलीही लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मॉइश्चरायझर रोज चालूच राहील. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा दम्याचा पंप एकदम सोडू नका. खाज काही आठवड्यांत उतरू लागते. औषध लागू पडलं की नाही, हे साधारण १६ आठवड्यांनी ठरवतात.